वाळवंटांतील एक भिंत

अमेरिकेंतील न्यू मेक्सिकोच्या रखरखीत पठारावर ताओस हें गांव आहे. तेथें १९३० सालीं पॉल स्ट्रँडनें तरुण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सला आपलें काम दाखविलें. छापलेलीं छायाचित्रें नव्हत, नुसत्या निगेटिव्ह! पियानो कीं कॅमेरा या द्विधेंत सांपडलेल्या अ‍ॅडम्सचा निश्चय त्या पाहूनच झाला.

चित्रकर्त्री जॉर्जिया ओकीफ १९२९ सालींच तेथें आल्या होत्या. जवळच्या रँचोस द ताओस येथील चर्चची पाठीमागची बाजू त्यांनीं रंगविली. अ‍ॅडम्सनें व स्ट्रँडनेंही तीच टिपली. दर्शनी दार सोडून तिघेंही मागें कां गेलीं? तेथें नक्षी नाहीं, मूर्ति नाहीं. आहे ती ऊन झेलणारी जाड मातीची भिंत. रंगांत ती मळलेल्या कणकेसारखी मऊ वाटते, छायाचित्रांत दगडासारखी जड. गांवकरी मात्र ती दरसाल नव्यानें लिंपतात.