शिरवाळे आणि नूडल्स

संध्याकाळी सात वाजता घरात पाऊल टाकले की पहिला प्रश्न असतो, आज काय? कणीक मळलेली नसते, भाजी निवडलेली नसते आणि मुलाला भूक लागलेली असते. अशा वेळी रत्नागिरीतल्या आमच्या घरीही आता नूडल्स होतात. नूडल्स उकळून चाळणीत निथळायच्या, तेलाचा हात लावून ठेवायच्या. कोबी, गाजर, ढोबळी मिरची उभी चिरायची. लोखंडी कढई चांगली तापली की लसूण, भाज्या, नूडल्स आणि शेवटी सोया सॉस. पंचवीस मिनिटांत ताटे मांडता येतात. फक्त सगळ्यांचे एकदम परतू नका. घरच्या गॅसची आच तेवढी पुरत नाही, भाज्यांना पाणी सुटते आणि नूडल्सचा लगदा होतो. दोन घाणे करा.

परवा हे चालले असताना सासूबाई म्हणाल्या, "अगो, हे आपले शिरवाळेच की! फक्त कष्ट दुसऱ्या कुणी केलेत."

मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

शिरवाळे ज्यांनी केले आहेत त्यांना त्यातले कष्ट ठाऊक आहेत. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, मळायची, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. गार झाले की साचा हलत नाही. एकीने दाबायचे, दुसरीने खाली ताटली फिरवायची. शिवाय नारळ खवून, वाटून, पिळून गुळाचा रस करायचा तो वेगळाच. दोन बायकांची अख्खी सकाळ जायची, आणि तिचा हिशेब कुणी ठेवत नसे.

मग माझ्या पंचवीस मिनिटांमागचे कष्ट कुणाचे? पाकिटावर 'हक्का' असे छापलेले असते. आपल्याला वाटते, हे पाककृतीचे नाव. पण हक्का हा दक्षिण चीनमधला एक समाज, आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहुणे'. यांतली बरीच कुटुंबे कोलकात्याला आली, टांगरा भागात कातडी कमावू लागली. पुढे तिथेच त्यांची खाणावळवजा हॉटेले निघाली आणि आपल्या जिभेसाठी मिरची, लसूण वाढवलेले 'चायनीज' तयार झाले. या पाहुण्यांना आपण नीट वागवले असेही नाही. १९६२च्या युद्धानंतर देशातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. त्यांत इथेच जन्मलेलीही होती. पुढे कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. पदार्थ मात्र राहिला, आणि गावोगावच्या गाड्यांवर पोचला.

'दोन मिनिटां'ची गोष्ट आणखी वेगळी. १९५८ मध्ये जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी शिजवलेल्या नूडल्स तेलात तळून सुकवल्या. तळताना पाणी उडून जाते, बारीक छिद्रे राहतात आणि नंतर गरम पाणी त्यांतून चटकन आत शिरते. म्हणजे शिजवण्याचा वेळ वाचलेला नाही, तो आधीच कारखान्यात खर्च झालेला असतो. आपल्याकडे १९८३ मध्ये मॅगी आली ती याच युक्तीवर.

गंमत अशी, की नूडल्सच्या देशाचा एक राजाच आमच्या गावात राहून गेला. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या देशात मोहिंगा खातात, म्हणजे माशाच्या रश्श्यात तांदळाच्या शेवया. तांदूळ, मासळी, शेवया सगळे आमच्याकडे होते. राजा तीस वर्षे इथे होता, पण आमच्या घरात शेवयांशेजारी मासळी कधी आली नाही. शिरवाळे गोड ते गोडच राहिले. तिखट शेवया आल्या त्या पुढे कितीतरी वर्षांनी, पाकिटातून.

गेल्या रविवारी माळ्यावरचा साचा खाली काढला. दाबायला मुलगा, ताटली धरायला मी आणि चुका काढायला सासूबाई. साडेनऊला सुरुवात केली होती. जेवायला बसलो तेव्हा दीड वाजून गेला होता, आणि नारळ पिळायला नवऱ्यालाही उठावे लागले होते.