दिनविशेष : ३१ मार्च – वादळातले कॅथीड्रल रंगवणारा चित्रकार
१८३७ : इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल यांचे लंडनमध्ये निधन. जन्म ११ जून १७७६ रोजी सफोक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट गावी. वडील गिरणीमालक व धान्याचे व्यापारी. रोमँटिक पंथातील या चित्रकाराने आपल्या परिसरातील नद्या, शेते आणि पावसाळी आभाळ यांना तैलचित्रात मानाचे स्थान दिले.

‘सॅलिसबरी कॅथीड्रल, कुरणातून’ हे त्यांचे भव्य चित्र १८३१ मध्ये रॉयल अकॅडमीत प्रदर्शित झाले. तेराव्या शतकातील या कॅथीड्रलचा सुमारे १२३ मीटर उंचीचा मनोरा ब्रिटनमधील चर्चच्या मनोऱ्यांत सर्वांत उंच आहे. पत्नी मराया यांचे १८२८ मध्ये क्षयाने निधन झाले होते. खचलेल्या कॉन्स्टेबल यांना हा विषय घेण्यास सॅलिसबरीतील स्नेही, धर्मगुरू जॉन फिशर यांनी प्रोत्साहन दिले. मनोऱ्यामागे काळे ढग, छपरावर वीज, वर इंद्रधनुष्य आणि पुढे नदी ओलांडणारी घोडागाडी असे हे दृश्य आहे. इंद्रधनुष्याचे टोक फिशर यांच्या घरावर टेकते. चर्चच्या अधिकारांवरून त्या काळी इंग्लंडमध्ये पेटलेल्या वादाचे सावटही अभ्यासकांना या ढगांत दिसते.

कॉन्स्टेबल यांच्या हयातीत हे चित्र विकले गेले नाही; प्रदर्शनानंतरही ते त्यावर हात फिरवत राहिले. २०१३ मध्ये २ कोटी ३१ लाख पौंडांना ते टेट संग्रहालयासाठी खरेदी करण्यात आले.