जिनिंगमधील स्वयंचलित वाहतूक (वऱ्हाड)

अकोला-अमरावती भागातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत कापूस, रुई व सरकी माणसाचा हात न लागता हलवणारी यंत्रणा. पूर्वी हे काम टोपल्यांनी होई आणि त्याचा मोठा भार मजूर स्त्रियांच्या डोक्यावर असे. केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून (२०००) जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अर्थसाहाय्य मिळाले व ही यंत्रणा पसरली.

आवारातल्या गंजीतून पंख्याच्या ओढीने कापूस नळीत शिरतो. वाटेत जड खडे व लोखंडाचे तुकडे खाली पडतात; रेच्यात (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात) खडा गेल्यास ठिणगी उडून आग लागू शकते, म्हणून हा टप्पा सर्वांत मोलाचा. पुढे डोक्यावरून जाणारा वाहक रांगेतल्या प्रत्येक रेच्याला कापूस पुरवतो. सरकी खालच्या मळसूत्री वाहकाने बाहेर पडते. रुई हवेच्या झोताने वा पट्ट्यावरून प्रेसकडे जाते आणि तिची सुमारे १७० किलोंची गाठ बांधली जाते.

जमिनीशी व हाताशी संपर्क तुटल्याने रुईत केस, सुतळी, पोत्याचे धागे कमी मिसळतात. सूतगिरणी भाव ठरवताना हेही पाहते. यंत्रणेने श्रम वाचवले, पण हंगामी मजुरीही घटवली. उडणाऱ्या तंतूंचा त्रास मात्र धूळशोषक नीट चालवल्याशिवाय कमी होत नाही.