पेन्सिल आणि शाई : जॅक कर्बी यांच्या चित्रकथांतील इंकरची भूमिका – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अमेरिकन चित्रकथा, म्हणजेच कॉमिक बुक, हे विसाव्या शतकातील लोकप्रिय कलेचे एक प्रमुख रूप मानले जाते. तिच्या इतिहासलेखनात लेखक व मूळ रेखाटन करणारा चित्रकार यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. वाचकाच्या हाती पडणारी प्रत्येक रेषा मात्र बहुधा या दोघांपैकी कोणाचीच नसते. पेन्सिलने रेखाटन करणारा 'पेन्सिलर' आणि त्यावर टाक वा कुंचल्याने शाई चढवणारा 'इंकर' अशी श्रमविभागणी या व्यवसायात दीर्घकाळ रूढ होती. १९९७ साली प्रदर्शित झालेल्या 'चेझिंग एमी' या चित्रपटात इंकर असलेल्या पात्राला 'गिरवणारा' म्हणून हिणवले जाते. तो विनोद असला तरी त्यामागे एक सर्वसाधारण समजूत आहे. ती समजूत कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात जॅक कर्बी (१९१७–१९९४) या चित्रकाराच्या उदाहरणावरून केला आहे.

कर्बी यांची निवड सहेतुक आहे. १९४१ मधील 'कॅप्टन अमेरिका' (जो सायमन यांच्यासह) आणि १९६१ मधील 'फँटॅस्टिक फोर' (स्टॅन ली यांच्यासह) या मालिकांमुळे त्यांचे नाव अग्रगण्य ठरले. त्यांच्या रेखाटनांवर निरनिराळ्या इंकरांनी काम केले. पेन्सिल एकाची व शाई अनेकांची असल्यामुळे इंकरच्या हाताने नेमके काय बदलते, हे तुलनेने पाहता येते.

श्रमविभागणीची कारणे :

ही विभागणी कलेच्या गरजेतून नव्हे, तर छपाई व वेळापत्रक यांतून निर्माण झाली. त्या काळच्या छपाईत ठसा तयार करण्यासाठी पानाचे छायाचित्र घेतले जाई. पेन्सिलची करडी, फिकट रेषा त्यात नीट उतरत नसे. रेषा निखळ काळी असणे आवश्यक होते. कागद स्वस्त वृत्तपत्री प्रतीचा असल्याने बारीक छटाही टिकत नसत. त्यामुळे पेन्सिलीतील छायाप्रकाश कोठे ठोस काळा करावा, कोठे बारीक रेषांनी दाखवावा आणि कोठे सोडून द्यावा, याचा निर्णय इंकरला घ्यावा लागे. हा निर्णय यांत्रिक नसतो. गिरवण्याच्या कृतीत पुढची रेषा आधीच ठरलेली असते. इंकरपुढे मात्र अनेक शक्यता असतात व त्यांतून एक निवडावी लागते.

दुसरे कारण वेगाचे होते. विल आयस्नर व जेरी आयगर यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या चित्रशाळेसारख्या ठिकाणी रेखाटन, अक्षरलेखन, शाई, पार्श्वभूमी अशी कामे वाटून दिली जात. एक पान अनेक हातांतून जाई. मोबदला पानामागे ठरलेला असे आणि इंकरचा दर सामान्यतः पेन्सिलरपेक्षा कमी असे. जितकी पाने अधिक तितकी मिळकत अधिक, हे या व्यवसायाचे साधे अर्थशास्त्र होते. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

तीन इंकर, तीन भूमिका :

जो सिनॉट (१९२६–२०२०) यांनी १९६२ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या पाचव्या अंकावर काम केले आणि १९६५ मधील चव्वेचाळिसाव्या अंकापासून ते या मालिकेवर नियमित आले. १९७० साली कर्बी यांनी मालिका सोडेपर्यंतचे बहुतेक अंक त्यांच्या शाईने पूर्ण झाले. ते न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीझ या आपल्या गावी काम करीत, पाने टपालाने येत-जात आणि अनेक वर्षे दोघांची प्रत्यक्ष भेटही झाली नव्हती. तरीही १९६६ मधील ४८ ते ५० या अंकांतील गॅलॅक्टस व सिल्व्हर सर्फर यांची कथा या दोघांच्या संयुक्त कामगिरीचा उत्तम नमुना मानली जाते. सिनॉट यांची रेषा सफाईदार व वळणदार होती. यंत्रे आणि धातूचे पृष्ठभाग यांना त्यांनी जो झळाळता नेमकेपणा दिला, तो कर्बी यांच्या पेन्सिलीत सूचित असला तरी छापील पानावर सिनॉट यांच्यामुळेच उतरला. कर्बी गेल्यानंतर जॉन ब्युसेमा यांच्यासारख्या चित्रकारांच्या रेखाटनांवरही सिनॉट यांनीच शाई केली. त्यामुळे पेन्सिलर बदलूनही मालिकेचे दृश्यरूप बरेचसे सलग राहिले. येथे सातत्य इंकरने सांभाळले, ही बाब लक्षणीय आहे.

व्हिन्स कॉलेटा (१९२३–१९९१) यांचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. प्रेमकथांच्या मासिकांतून पुढे आलेल्या कॉलेटा यांनी १९६४ ते १९७० या काळात कर्बी यांच्या 'थॉर' कथांपैकी बहुसंख्य कथांवर शाई केली. टाकाच्या बारीक, केसासारख्या रेषांनी त्या पुराणकथात्मक वातावरणाला एक प्राचीन पोत दिला, असे मानणारे वाचक आहेत. परंतु वेळ वाचवण्यासाठी ते पार्श्वभूमीतील इमारती, गर्दीतील माणसे, क्वचित संपूर्ण आकृत्याही खोडून टाकत किंवा त्यांची काळी छायाकृती करत, हेही आता तुलनेने सिद्ध झाले आहे.

माइक रॉयर (जन्म १९३५) यांनी तिसरी भूमिका घेतली. कर्बी १९७० मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेकडे गेले. तेथील 'न्यू गॉड्स' व 'मिस्टर मिरॅकल' या मालिकांचे आरंभीचे चार अंक कॉलेटा यांच्याकडे होते. १९७१ मध्ये पाचव्या अंकापासून ते काम रॉयर यांच्याकडे आले. अक्षरलेखन व शाई ही दोन्ही कामे तेच करीत. पेन्सिलीतील रेषा शक्य तितकी जशीच्या तशी राखणे हे त्यांचे धोरण होते. एका स्त्री-पात्राचा चेहरा आपण किंचित अधिक सुंदर केला, तेव्हा कर्बी यांना ते मुळीच रुचले नाही, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. रॉयर यांच्या पानांवर कर्बी यांचा जोम अधिक थेट दिसतो, तसाच त्यांचा ओबडधोबडपणाही. सिनॉट यांनी जे घासूनपुसून घेतले असते, ते रॉयर यांनी तसेच राहू दिले.

साधनांचा प्रश्न :

वरील तुलना करताना इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. शाई वाळली की खालची पेन्सिल खोडली जाते. म्हणजे इंकरचे काम पूर्ण होताच पेन्सिलरच्या कामाचा पुरावा नष्ट होतो. पेन्सिल व शाई यांची तुलना करायची तर दोहोंपैकी एकच शिल्लक असते.

कर्बी यांच्या बाबतीत ही अडचण अंशतः दूर झाली ती छायाप्रतींमुळे. १९७० च्या दशकात ते पाने इंकरकडे पाठवण्यापूर्वी त्यांच्या छायाप्रती ठेवत. त्याआधीच्या काळातीलही काही प्रती उपलब्ध आहेत. १९९४ पासून जॉन मॉरो यांनी प्रकाशित केलेल्या 'द जॅक कर्बी कलेक्टर' या नियतकालिकाने अशा अनेक प्रती प्रसिद्ध केल्या. कॉलेटा यांनी काय वगळले आणि रॉयर यांनी काय राखले, हे त्यामुळेच कळू शकते. कर्बी यांचे एकेकाळचे सहायक मार्क इव्हॅनियर यांनीही या फरकांची नोंद केली आहे.

ज्यांच्या छायाप्रती उरल्या नाहीत, अशा असंख्य पानांबाबत मात्र निर्णय देताना सावधगिरी आवश्यक ठरते. एखादे पान उणे वाटले तर तो दोष पेन्सिलरचा की इंकरचा, हे केवळ छापील पानावरून ठरवता येत नाही. 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकावर इंकरचे नावच छापलेले नाही. रेषेच्या वळणावरून अभ्यासक जॉर्ज क्लाइन यांचे नाव सुचवतात. एवढ्या प्रसिद्ध अंकाची ही स्थिती असेल, तर सामान्य अंकांविषयी काय बोलावे ?

श्रेय आणि हक्क :

१९६० च्या दशकाच्या आरंभी मार्व्हलच्या अंकांवर लेखक व पेन्सिलर यांच्याबरोबर इंकरचे नावही नियमितपणे छापले जाऊ लागले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या अकॅडमी ऑफ कॉमिक बुक आर्ट्सने आपल्या पारितोषिकांत इंकरसाठी स्वतंत्र विभाग ठेवला. पुढे मूळ पाने कलावंतांना परत देण्याची प्रथा पडली, तेव्हा इंकरलाही पानांचा वाटा मिळू लागला. २००८ मध्ये केवळ इंकरांसाठी 'इंकवेल अवॉर्ड्स' सुरू झाले. नावाकडून मालकीच्या अंशापर्यंतचा हा प्रवास संथ होता.

पेन्सिलरची स्थितीही फार वेगळी नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आपली मूळ पाने परत मिळवण्यासाठी स्वतः कर्बी यांना १९८० च्या दशकात दीर्घ झगडा करावा लागला. १९८७ मध्ये मिळाली ती सुमारे दोन हजार पाने. त्यांनी काढलेल्या एकूण पानांच्या मानाने ही संख्या थोडीच होती. त्यांच्या वारसांनी केलेला स्वामित्वहक्काचा दावा २०१३ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला. हे काम प्रकाशकाच्या सांगण्यावरून व खर्चाने झालेले आहे, असा त्याचा आधार होता. २०१४ मध्ये या प्रकरणात तडजोड झाली. कीर्तीच्या दृष्टीने पेन्सिलर व इंकर यांत मोठे अंतर होते. पण व्यवहारात दोघेही पानामागे मोबदला घेणारे कारागीरच होते.

या पार्श्वभूमीवर कॉलेटा यांच्याकडे पाहिले तर त्यांचे वर्तन समर्थनीय ठरत नसले तरी समजण्याजोगे होते. उशिरा आलेली पाने ते वेळेत पूर्ण करून देत आणि त्याच गुणामुळे संपादक त्यांना पुन्हा पुन्हा काम देत. एखादी आकृती खोडण्याचा हात कॉलेटा यांचा होता, परंतु वेगाला कौशल्याहून अधिक किंमत देणारी व्यवस्था प्रकाशकांची होती. सारा दोष एका व्यक्तीच्या माथी मारल्यास ती व्यवस्था नजरेआड होते.

समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. इंकर हा गिरवणारा नव्हे. सिनॉट यांनी पूर्ण केले, कॉलेटा यांनी उणे केले आणि रॉयर यांनी राखले. या तिन्ही कृतींत निवड आहे, आणि जेथे निवड आहे तेथे कर्तृत्वाबरोबर जबाबदारीही येते. निष्ठेने राखणे हीसुद्धा निवडच असते. म्हणून 'कर्बी यांचे चित्र' असे म्हणताना ते कोणाच्या शाईतील, हे नमूद करणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होईल.

संगणकामुळे आता पेन्सिलीवरूनही थेट छपाई शक्य झाली आहे. जीन कोलन यांच्या 'नॅथॅनिएल डस्क' (१९८४) या मालिकेत तो प्रयोग संगणकयुगापूर्वीच झाला होता. त्यामुळे इंकरची तांत्रिक अपरिहार्यता कमी झाली असली तरी गेल्या शतकातील लाखो पानांवरील शेवटची रेषा त्याचीच आहे. त्या रेषेखाली काय होते, हे बहुतेक ठिकाणी आता कधीच कळणार नाही. निदान ती रेषा कोणाची, याची नोंद ठेवणे अभ्यासकांच्या हाती आहे.