खोडावर कडक आळंबी दिसली? झाड आतून कुजत असू शकतं!

पाऊस सुरू झाला की बांधावरच्या वाळलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर किंवा जुन्या बाभळीच्या बुंध्यावर कानासारखी, फळीसारखी आळंबी दिसू लागते. भाजीच्या आळंबीसारखी ती मऊ नसते. यातल्या अनेक जाती हाताला लाकडासारख्या टणक लागतात.

खरी बुरशी आत असते
बाहेर दिसतं ते बुरशीचं फळ. मूळ बुरशी बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखी लाकडात पसरलेली असते. तुटलेली फांदी, सोललेली साल किंवा कुऱ्हाडीचा घाव इथून ती आत शिरते आणि बऱ्याचदा काही वर्षं आतल्या आत लाकूड खाते. त्यामुळे वरची आळंबी तोडून टाकली तरी कूज थांबत नाही.

कशी ओळखायची?
- गॅनोडर्मा: वरून लालसर तपकिरी, बऱ्याचदा पॉलिश मारल्यासारखी चमकदार.
- फेलिनस: काळपट, भेगाळलेली, अनेक वर्षं टिकते आणि थर चढत जातात. फणसावरच्या अशा आळंबीला 'फणसोंबा' म्हणतात. ती उगाळून औषध म्हणून वापरण्याची जुनी पद्धत आहे. पण वैद्याच्या सल्ल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये.

उभ्या झाडावर असेल तर सावध
पानं हिरवीगार असली तरी बुंधा पोकळ असू शकतो. बुंध्यावर हातोडीने हलकं ठोकावं; आवाज पोकळ आला तर धोका समजावा. अशा झाडाखाली जनावरं बांधू नयेत, वाऱ्या-पावसात गाडी लावू नये. झाड वीजतारेजवळ असेल तर महावितरणला कळवावं. तोडण्याआधी परवानगी लागते का, याची ग्रामपंचायत किंवा वनविभागाकडे चौकशी करावी.

घरचं लाकूड कसं जपायचं?
लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ही बुरशी वाढत नाही. वासे, फळ्या, सरपण थेट जमिनीवर न ठेवता दगडांवर रचावं. मध्ये हवा खेळू द्यावी आणि वरून पाऊस लागू देऊ नये. सागाचा आतला गाभा बराच टिकतो, पण बाहेरचं पांढरं लाकूड लवकर कुजतं.

बांधावरचा ओंडका राहू द्या
पडलेल्या, अडचण नसलेल्या ओंडक्यावरची आळंबी काढायची गरज नाही. लाकडाला कडकपणा देणारा लिग्निन नावाचा घटक मोडण्याचं काम मुख्यतः अशाच बुरशी करतात. त्यातूनच मेलेलं झाड हळूहळू पुन्हा मातीत मिसळतं.