बादलीला मारलेली लाथ : इंग्रजी वाक्प्रचार आणि परका विद्यार्थी

परक्या भाषेचे व्याकरण नियमांच्या आधाराने शिकता येते, शब्दसंग्रह पाठांतराने वाढवता येतो. विद्यार्थी अडतो तो वाक्प्रचारांपाशी, आणि त्याहूनही अधिक बोलीतल्या मोकाट शब्दांपाशी. ‘पाणी पाजणे’ म्हणजे पराभव करणे, हे केवळ ‘पाणी’ आणि ‘पाजणे’ यांचे अर्थ ठाऊक असलेल्या परक्या माणसाला कसे उमगावे? इंग्रजीच्या संदर्भात या अडचणीला इतिहास आहे, आणि तो कोशांच्या व पाठ्यपुस्तकांच्या आधारे वाचता येतो.

१७८५ साली फ्रान्सिस ग्रोस या पुरावस्तूंच्या अभ्यासकाने ‘अ क्लासिकल डिक्शनरी ऑफ द व्हल्गर टंग’ हा कोश लंडनमध्ये प्रसिद्ध केला. सैनिक, खलाशी, चोर यांच्या तोंडची भाषा त्याने नोंदवली. ‘किक द बकेट’, म्हणजे मरणे, हा प्रयोग त्यात आढळतो. ही ग्राम्य भाषा आहे, हे ग्रोसने शीर्षकातच सांगितले होते. त्याचा वाचक इंग्रज होता. कोणता शब्द कुठे उच्चारू नये, हे त्याला कोशाने शिकवण्याची गरज नव्हती.

परक्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. १८५५ साली पेद्रो कारोलिनो याने पोर्तुगीज वाचकांसाठी इंग्रजी संभाषणाचे एक पुस्तक काढले. त्याला इंग्रजी जेमतेमच येत असावे; पोर्तुगीज-फ्रेंच संभाषणपुस्तक आणि फ्रेंच-इंग्रजी कोश यांच्या आधाराने त्याने काम भागवले, असे मानले जाते. परिणामी, ‘ताटकळत राहणे’ या अर्थाच्या फ्रेंच वाक्प्रचारातून इंग्रजीत एक छोटे माकड चावून खाल्ले गेले! १८८३ साली या पुस्तकाच्या अमेरिकी आवृत्तीला मार्क ट्वेनची प्रस्तावना लाभली. पण ती विनोदाचा नमुना म्हणून. आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या ‘बाबू’च्या वाट्यालाही हेच हसू आले. एफ. अँस्टी यांचे ‘बाबू जबर्जी, बी. ए.’ हे १८९७ चे पुस्तक त्याच्या अलंकारिक इंग्रजीवरच उभे आहे. या हसण्यात सत्तेचाही वाटा होता. मराठी चुकीचे बोलणाऱ्या साहेबाला हसण्याची मुभा शिरस्तेदाराला नव्हती.

विद्यार्थ्याच्या अडचणीला हसण्याऐवजी तिचा अभ्यास करावा, ही दृष्टी विसाव्या शतकात रुजली. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी गेटनबी व वेकफील्ड या सहकाऱ्यांसह तयार केलेला ‘इडिओमॅटिक अँड सिंटॅक्टिक इंग्लिश डिक्शनरी’ हा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. युद्धामुळे हॉर्नबींना जपान सोडावे लागले. १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो कोश नव्या नावाने प्रसिद्ध केला. शब्दाचा अर्थ देऊन न थांबता तो वाक्यात कसा बसतो, हे त्याने दाखवले. पुढे काउई आणि मॅकिन यांनी १९७५ व १९८३ साली वाक्प्रचारांचा स्वतंत्र द्विखंड कोश दिला. प्रयोग औपचारिक आहे, सलगीचा आहे की जुनाट, हे सांगणाऱ्या खुणाही विद्यार्थ्यांच्या कोशांत स्थिरावल्या.

आमच्या वर्गांत मात्र या खुणाच गळून पडलेल्या दिसतात. समोरासमोर दोन रकाने, एकात वाक्प्रचार, दुसऱ्यात अर्थ : ‘किक द बकेट’ — मरणे. यादी पाठ केलेला विद्यार्थी उद्या सांत्वनपत्रात हा प्रयोग करील, तर दोष कोणाचा? अर्थ बरोबर आहे. पण दुःखाच्या घरी तो थट्टेसारखा लागेल. मराठीत ‘त्यांचे वडील गचकले’ असे पत्रात आपण लिहू का? तीच गोष्ट मुसळधार पावसासाठी आपण घोकलेल्या कुत्र्यामांजरांची. स्विफ्टने १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘पोलाइट कन्व्हर्सेशन’मध्ये तो प्रयोग घातला, तोच मुळी घासून गुळगुळीत झालेल्या संभाषणाची टर उडवण्यासाठी!

वाक्प्रचाराला अर्थासोबत वय असते, वस्ती असते, नाते असते. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी हे बोलतो, असा तिसरा रकाना त्या यादीत आखला, तर कारोलिनोच्या वाट्याला आलेले हसू आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येण्याचे कारण उरणार नाही.