आयमॅकचा मॉनिटर करायला गेलो, तेव्हाची गोष्ट

आजच्या भागात एका छोट्या सोयीचा इतिहास सांगतो. सोय आली, पाच वर्षं टिकली आणि गेली.

सुरुवात माझ्या टेबलावरून. माझ्याकडे २०११ चा २७ इंची आयमॅक आहे. कॉम्प्युटर म्हणून तो दमलाय, पण २५६० बाय १४४० पिक्सेलची स्क्रीन अजून झकास आहे. म्हटलं, लॅपटॉपला जोडून मॉनिटर करू. मिनी डिस्प्लेपोर्टची केबल आणली, लावली. काहीच नाही! चूक माझीच होती, पण ती का झाली हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९९८ चा पहिला आयमॅक म्हणजे काचेच्या जाड ट्यूबचा डबा. स्क्रीन आणि कॉम्प्युटर एकाच खोक्यात, आणि बाहेरचं चित्र आत घ्यायला वाट नाही. ती वाट २००९ च्या शेवटी आलेल्या २७ इंची आयमॅकमध्ये उघडली. त्याच्या मिनी डिस्प्लेपोर्टमधून चित्र बाहेरही जायचं आणि आतही यायचं. कमांड आणि एफ-२ दाबलं की आयमॅकचा मॉनिटर! नाव होतं टार्गेट डिस्प्ले मोड.

२०११ मध्ये त्याच जागी थंडरबोल्ट आलं. भोकाचा आकार तोच, पण आत येणारं चित्र आता फक्त थंडरबोल्टवरूनच. मी फसलो तो इथे. मित्राचा २०१५ चा मॅकबुक आणि थंडरबोल्ट केबल आणली, तर पहिल्या फटक्यात चाललं.

मग २०१४ च्या शेवटी ५के आयमॅक आला. ५१२० बाय २८८० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट. गुणाकार करा, २१ गिगाबिटच्या वर जातो. तेव्हाच्या डिस्प्लेपोर्ट १.२ मधून जेमतेम १७ जायचे. एका केबलमध्ये चित्र मावेचना, आणि या मॉडेलपासून टार्गेट डिस्प्ले मोड गेला.

पण जुन्या मशीनचं काय? तिथे गणिताची अडचण नव्हती. तरी अट अशी की आयमॅकवर हाय सिएरा किंवा त्याआधीची मॅकओएस हवी, आणि जोडायचा मॅक २०१९ पर्यंतचा, कॅटलिना किंवा त्याआधीच्या मॅकओएसवरचा. माझा लॅपटॉप नवा, म्हणजे दार बंद. शिवाय नुसती स्क्रीन वापरायची तरी आतला अख्खा कॉम्प्युटर चालू लागतो. त्याने मान टाकली की धडधाकट स्क्रीनही भंगारात.

म्हणून लोक आता आयमॅक उघडतात, आतला कॉम्प्युटर काढतात आणि पॅनेलला जुळणारा कंट्रोलर बोर्ड बसवतात. माझ्या मॉडेलची काच चुंबकांवर टेकलेली असते, सक्शन कपने निघते. २०१२ च्या शेवटी आलेल्या मॉडेलपासून ती चिकटवलेली असते. मीही हाच मार्ग धरलाय. पण सांभाळून हां, प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये जबर चार्ज राहू शकतो. सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

या सगळ्यातून मी एक शिकलो. स्क्रीन कॉम्प्युटरपेक्षा जास्त जगते. तेव्हा ऑल-इन-वन घेताना रॅम नंतर विचारा, आधी विचारा, 'बाहेरचं चित्र आत घेतो का?' काही विंडोजवाल्या मशीनना त्यासाठी वेगळा एचडीएमआय इनपुट असतो. तो एक पोर्ट दहा वर्षांनी तुमची स्क्रीन वाचवेल.

भेटू पुढच्या भागात!